बापूंच्या शेकाबद्दल

चि. प्रशांत,

टाके निघाले, जखम भरली, आता बापूंना शेकाला न्यायचं नाही, असं तुमच्या लिंबायतच्या घरात ठरतंय म्हणे. खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक. खरं असेल तर आधी रागावून घेतो. जखम भरली की नाही हे आरशात दिसतं. रोग उरला की नाही हे आरशात दिसत नाही. गालाची गाठ निघाली, पण मानेतल्या गाठींतही रोग सापडला आणि एकीचं आवरण फोडून तो बाहेर आला होता, असं तूच पाठवलेल्या रिपोर्टात आहे. अशा वेळी डॉक्टर रेडिएशन, म्हणजे हाच शेक, सांगतात, बहुधा सोबत केमोही, आणि ते ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा त्यांचा आग्रह असतो. हाताला न लागणारा रोग असतो का, अशी शंका असेल तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा 2015 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तोंडाचा कॅन्सर लहान, मानेत हाताला काहीच लागत नाही, असे रुग्ण त्यांनी घेतले. काहींच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, बाकीच्यांच्या दिसल्या तेव्हा. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 67.5. तो अभ्यास शेकाचा नव्हे, हे खरं. पण ‘काही दिसलं तर बघू’ म्हणत थांबण्याची किंमत त्यात स्पष्ट दिसते.

शेकानं माणूस खचतो, असं कारखान्यातले लोक तुला सांगत असतील. खचतो, नाही कशाला म्हणू? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलून निघतं, चव जाते, मानेची कातडी काळी पडते. बरंचसं पुढे ओसरतं. तोंडाची कोरड मात्र काहींना कायमची राहते. पण यावर उपाय शेक टाळणं नव्हे, तयारी करणं. सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या, कारण नंतर दात काढला तर कधी कधी जबड्याचं हाड भरत नाही. जेवणाच्या नळीतून नुसतं वरणाचं पाणी देऊ नका. अंडं, दूध, डाळ बारीक वाटून, गाळून द्या, बापूंना बसवूनच द्या आणि मग साधं पाणी सोडून नळी धुवा. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम! आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. आज दुखतं म्हणून सोडलं तर जबडा आखडतो आणि पुढे घास जायचा नाही.

‘शरद पवारांचं ठीक आहे, मोठी माणसं,’ असं वहिनी म्हणाल्याचं कळलं. 2004 साली ऐन निवडणुकीत पवारांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर त्यांनीही रेडिएशन घेतलं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण पैशाचाच प्रश्न असेल तर आयुष्मान कार्ड आहे, आणि कॅन्सरचे उपचार त्यात बसतात. कार्डात न बसणारी गोष्ट म्हणजे तुझी मजुरी. लूमवर मीटरचे पैसे, खाडा झाला की हातात काही नाही, आणि शेक आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. खरी अडचण ही आहे, असं मला वाटतं. तेवढी तू तोंडानं बोलला नाहीस.

बापूंना मावा सुटत नाही म्हणून त्यांच्यावर ओरडू नकोस. रात्रपाळीत जागं राहण्यासाठी लागलेली सवय आहे ती. पण घरात पुडी येऊ देऊ नकोस, तुझ्या खिशातही नको. त्यांचं बोलणं अजून नीट कळत नाही, तरी वाक्य त्यांनाच पुरं करू दे.

खाड्याचे पैसे मी पाठवतो. तो हिशेब तुझ्या माझ्यात, बापूंना सांगू नकोस. सोमवारी तुझी काकू भुसावळहून गाडीनं निघेल. शेकाला ती नेईल. तू दिवसा झोप. आणि रागावलो ते वहिनींना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
आप्पा काका