खरं दुःख, खोटा पुरावा

'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' म्हणजे आपल्या पिढीचं 'मला काय माहीत?' मेसेज खोटा निघाला की हात झटकून मोकळे! खोटी बातमी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कुणीतरी बदमाश, मुद्दाम अफवा पिकवणारा. पण त्याहून अवघड एक प्रकार आहे. तक्रार खरी, माणसं तळमळीची, आणि तरीही हातातला कागद खोटा. मित्रहो, आज त्याबद्दलच थोडंसं.

डोंगरीचे १०१ दिवस

मी कॉन्व्हेंटची. टिळक-आगरकर मला भेटले ते 'हिस्टरी'च्या पुस्तकातल्या दोन ओळींत. त्यात ही गोष्ट नव्हती.

१८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. त्या वेळी दोघंही पंचविशीच्या आसपासचे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे, अशी चर्चा तेव्हा गाजत होती. दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली आणि बर्व्यांची म्हणून सांगितलेली काही पत्रं पुराव्यादाखल वापरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रं खरी ठरली नाहीत. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. पैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. डिसेंबर १८८३ मध्ये महाराज अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वारले. म्हणजे काळजी पोकळ नव्हती. पण कोर्टात तपासली गेली ती पत्रं. महाराजांचे हाल बाजूलाच राहिले!

आपल्या लाईनवरचं बदलापूर

आता एकदम २० ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. मंगळवारी सकाळी लोक रुळांवर उतरले ते थेट संध्याकाळपर्यंत. लोकल बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराबद्दल पोलिसांना खडसावलं. म्हणजे राग खरा होता आणि त्याला कारणही होतं.

पण त्याच दिवसांत मुलींबद्दल खोट्या पोस्टही फिरल्या. त्याबद्दल वेगळा गुन्हा नोंदवावा लागला. विचार करा, त्या आई-वडिलांच्या मोबाईलवर ते वाचायला मिळालं असेल तर?

आणखी एक. पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही माध्यमांतून जाहीर करता येत नाही. या लेखात शाळेचं नाव नाही, ते म्हणूनच. 'न्याय मिळवून देऊ' म्हणत पीडित मुलीचा फोटो पुढे ढकलणारा तिला दुसऱ्यांदा इजा करत असतो.

थोडं इलेक्ट्रॉनिक्स

ॲम्प्लिफायरला सिग्नल कुठला आणि नॉईज कुठला हे कळत नाही. तो दोन्ही वाढवतो. एकापुढे एक स्टेज जोडल्या की पहिल्या स्टेजमध्ये शिरलेला नॉईज पुढच्या प्रत्येक स्टेजमध्ये फुगत जातो. म्हणून रिसीव्हरमध्ये सगळ्यात पुढे लो-नॉईज ॲम्प्लिफायर लावतात. मागे कितीही भारी सर्किट असलं तरी पुढे झालेलं नुकसान भरून निघत नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून घेतलेला होता. मूळ फिल्ममध्ये मुलाला परत आणून सोडतात, तो शेवट कापलेला! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. चांगलं केलं. पण ते मागच्या स्टेजचं काम. पहिली स्टेज म्हणजे आपला अंगठा.

मग गप्प बसायचं का?

मुळीच नाही! समजा, होस्टेलच्या पाण्याने चार मुलं आजारी पडली. कुणीतरी जोर यावा म्हणून 'चाळीस' लिहिलं. आता ऑफिसचं काम किती सोपं झालं बघा. चाळीस हा आकडा खोटा आहे एवढं सिद्ध करायचं आणि फाईल बंद! टाकी तशीच, पाणी तेच, आणि ती चार मुलं खोटी ठरली. जी तक्रार खरी आहे तिला फुगवायची गरज नसते. फुगवलेली तक्रार टाचणी लागली की फुटते.

म्हणून मला सुचलेली चार पथ्यं:

१. हे कुणी पाहिलं, कुणी ऐकलं आणि कुणी नुसतं पुढे ढकललं, हे वेगवेगळं विचारा.
२. फोटो-व्हिडिओची तारीख, ठिकाण आणि शेवट तपासा.
३. आपल्या बाजूचा मेसेज असेल तर दुप्पट तपासा. विरुद्ध बाजूचा तर आपण एरवीही तपासतोच.
४. खोटं निघालं तर ज्या ग्रुपवर टाकलं त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका. नुसतं डिलीट करून भागत नाही.

आणि सर-मॅडम, एक विनंती तुम्हालाही. अफवा रिकाम्या जागेत वाढते. परीक्षा पुढे गेली का, पाण्याचा रिपोर्ट काय आला, याची सहीशिक्क्याची नोटीस वेळेवर लागली तर निम्मे मेसेज जन्मालाच येणार नाहीत. बदलापुरात लोक रुळांवर उतरले, कारण टेबलापलीकडच्या माणसाने वेळेवर ऐकलं नव्हतं. संवाद म्हणजे आम्ही खरं बोलायचं आणि तुम्ही वेळेवर ऐकायचं. यातलं एक जरी गळलं तरी उरतो तो फक्त नॉईज.