दहावीनंतर सुटलेला अभ्यास

प्रश्न : दहावी होऊन बरीच वर्षं झाली. आता बारावी करून पदवी घ्यायची आहे. पण एक पानही सलग वाचवत नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, अल्लीपूर (जि. वर्धा)

उत्तर : ताई, बारावीला बाहेरून बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) घर सांभाळून मराठीतून पदवी करू देतं. फॉर्म भरण्याआधी मात्र काही महिने तयारीला द्या.

आधी वाचन. रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचा, मग पेपर मिटून त्यातलं म्हणणं चार वाक्यांत लिहा. लिहिताना जिथं अडाल, तिथंच समजलेलं नसतं. तेवढा भाग पुन्हा वाचा. परीक्षेत तासन् तास लिहायचं असतं, हाताला सवय हवीच. नुसत्या पाठांतरावर माझा विश्वास नाही.

कला शाखेतही अर्थशास्त्र घेतलंत तर टक्केवारी लागते. तिचा सराव कापसावर होतो: सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) कापसात ८ टक्क्यांवर ओलावा भरला की भाव कापते. घरी कापूस असेल तर विक्रीच्या पावतीवर तो हिशेब स्वतः करा.

इंग्रजीला बेधडक सातवीचं पुस्तक घ्या, त्यात कसली लाज? बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते मोबाइलवर फुकट उतरवता येतं.