समासातील टिपा आणि पडद्यावरील टिपा

आपल्या ग्रंथालयातील एखादे जुने पुस्तक उघडले, की आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा दिसतात. ग्रंथपाल यावर रागावतात, आणि ते योग्यच आहे. पण ती खूण पुस्तक जाईल तिथे जाते. ई-पुस्तकाचे तसे नाही, हे मला नुकसान सोसून कळले.

माझ्याकडे स्वतःचा फोन नाही. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला जातात, तेव्हा फोन त्यांच्याबरोबर जातो. म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या फोनवर आणि दुपारी महाविद्यालयातील संगणकावर वाचते. अनेक उपकरणांवर टिपा जुळत्या ठेवणे ही श्रीमंतांची चैन आहे असे कोणास वाटेल. परंतु ज्याचे स्वतःचे एकही उपकरण नाही, त्यालाच तिची खरी निकड असते. मागील सत्रात फोन बिघडला आणि दुरुस्तीत सारे पुसले गेले. पुस्तक पुन्हा उतरवून घेतले, टिपा मात्र गेल्या. वडील म्हणाले, "पुस्तक तर आहे ना? मग गेलं काय?"

विद्यार्थी मित्रहो, गोष्ट अशी, की वाचनाची बहुतेक ॲप आपली टीप पुस्तकाच्या फाइलमध्ये लिहीत नाहीत. ती एका वेगळ्या नोंदवहीत राहते: अमुक पुस्तक, अमुक जागा, अमुक मजकूर. आपल्या खात्यामार्फत ही नोंदवही सर्व्हरवर पोहोचली, तरच ती दुसऱ्या उपकरणावर दिसते. मी खाते उघडलेच नव्हते, चूक माझीच.

किंडलमध्ये केबलने घातलेल्या पुस्तकातील टिपा त्याच यंत्रात राहतात. तेच पुस्तक 'सेंड टू किंडल' या सोयीने पाठविले, तर ते खात्यात जमा होते आणि टिपा फोनवरील किंडल ॲपमध्येही उतरतात. 'गूगल प्ले बुक्स'मध्ये आपण चढविलेल्या पुस्तकांच्या टिपा गूगल ड्राइव्हमध्ये ठेवता येतात. मात्र या दोन दुकानांची एकमेकांशी ओळख नाही. शिवाय अक्षर मोठे केले की पाने बदलतात, त्यामुळे पृष्ठांकाचाही भरवसा नाही.

मराठी वाचकाची अडचण आणखी निराळी. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली खरी, पण आपल्याला लागणारी कितीतरी जुनी पुस्तके पीडीएफ स्वरूपातच मिळतात. त्यांत नुसती छायाचित्रे असली, तर ओळीवर खूणच करता येत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर उचलून दुसरीकडे नेला, तर भलतीच अक्षरे उमटतात. इंटरनेट अर्काइव्हवरील काही पुस्तके तर एका तासापुरतीच उसनी मिळतात. तिथे वहीच बरी.

आता मी प्रकरणाचे नाव आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द टिपते, व दर शनिवारी सर्व टिपा स्वतःलाच ई-मेलने पाठविते. महाविद्यालयातील संगणकावरून उठताना खात्यातून बाहेर पडायलाही शिकले आहे. एकदा ते राहून गेले, तेव्हा माझ्या मराठीच्या टिपांत दुसऱ्याच कुणाची अर्थशास्त्राची टिपणे येऊन बसली होती!