कड्याच्या भेगा वाचताना

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून मंडळीतील अनेकजण विचारतात, “डोंगर पडणार हे आधी कळत नाही का?” तेथील ठाकर कुटुंबांवर आली ती माती, चिखल व दगडांची दरड होती. या पाठात तिच्या शेजारचाच प्रश्न घेऊ: वाडीवरच्या उघड्या कड्यातून धोंडा सुटेल का? याचे उत्तर पुष्कळदा कड्याच्या भेगांत सापडते.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. थंड होताना तो आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. दोन थरांमध्ये कोठे कोठे मऊ, लाल पट्टा असतो. तो पावसाने झिजतो, वरचा दगड अधांतरी राहतो आणि मागच्या उभ्या भेगेपासून सुटतो. लाल पट्टा दिसला की मी आधी त्याच्या वर पाहतो.

भेगांचा नकाशा करणारे प्रत्येक भेगेला क्रमांक देतात. होकायंत्राने तिची दिशा घेतात, ती किती अंशांनी कलली आहे ते मोजतात. लांबी, रुंदी, आत माती आहे की पाणी, झाडाची मुळे शिरली आहेत का, हेही लिहितात. रुंद भेग म्हणजे मोठा धोका, असे सरळ गणित मात्र नाही. भेग दरीकडे कलली असेल तर धोंडा तिच्यावरून घसरू शकतो. दोन-तीन दिशांच्या भेगा एकमेकींना छेदत असतील तर तो चहूबाजूंनी मोकळा होतो. भेगांमधले अंतर धोंड्याचा आकार सांगते: अर्ध्या मीटरवर भेगा असतील तर दगड साधारण तेवढाच, तीन मीटरवर असतील तर झोपडीएवढा. पायथ्याशी पडलेले जुने धोंडे कोठवर गेले आहेत, तेही नकाशावर घ्यावे लागते. घरे त्या रेषेच्या आत आहेत का, हे तेव्हाच कळते.

येथे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय काम पुरे होत नाही. कोणत्या पावसात कोठला दगड आला, हे त्यांना पाठ असते.

हाताशी येणाऱ्या भेगेच्या दोन्ही बाजूंना रंगाचे ठिपके द्यावेत आणि मधले अंतर पावसापूर्वी व पावसानंतर मोजून तारखेसह वहीत लिहावे. उंच कड्यावर मात्र कोणी चढू नये. ते काम भूवैज्ञानिकांचे, हल्ली ड्रोनचेही. अंतर वाढलेले दिसले तर वही घेऊन त्याच दिवशी तहसील कार्यालय गाठावे.