अनुभव आणि गणित : एका दिव्याचा धडा

शुक्रवार पेठेत भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत, वीज गेल्यावर अभ्यासिकेत लावावयाचा बॅटरीचा दिवा आपणच तयार करावा, असे ठरले. सर्किट जुळविण्याचा छंद शाळेपासून जोपासलेले दोघे पुढे आले. धाकटा अभियांत्रिकीचा पदवीधर. थोरला दहावीनंतर दुरुस्तीच्या कामाला लागलेला. वाद पेटला तो एका रोधकावरून.

पदवीधराने फळ्यावर हिशेब मांडला. बॅटरी १२ व्होल्टची. एकसर जोडणीतील ३ पांढरे एलईडी प्रत्येकी ३.२ याप्रमाणे ९.६ व्होल्ट घेतात; उरतात २.४. प्रवाह हवा ०.०२ अँपिअर. ओहमच्या नियमाने रोध १२० ओहम.

"२७० चा लाव," थोरला म्हणाला.

"का, दादा?"

"कारण सांगता येत नाही. पण १२० वाले दिवे माझ्याकडे जळून येतात."

बहुतेकांनी पदवीकडे पाहून मान डोलावली. आम्हीही डोलावली. थोरल्याने मुकाट्याने चार्जिंगला लावलेल्या बॅटरीला मल्टिमीटर जोडला. आकडा उमटला १४.४.

पदवीधराने हिशेब पुसून नव्याने मांडला. आता रोधकावर ४.८ व्होल्ट येतात. १२० ओहममधून ०.०४ अँपिअर, म्हणजे नेमका दुप्पट प्रवाह वाहतो. २७० ओहममधून तो सुमारे ०.०१८ राहतो. तथापि चार्जिंग बंद होऊन बॅटरी १२ व्होल्टवर येताच तोच प्रवाह ०.००९ पर्यंत उतरतो व उजेड मंदावतो, हेही गणितानेच दाखविले. अखेर रोधक २७० चाच ठेवून एलईडींची तशीच दुसरी ओळ वाढवावी, यावर दोघांचे एकमत झाले. सूत्र खरे होते, त्यात घातलेला आकडा अपुरा होता. अनुभव खरा होता, त्याला कारणाची जोड नव्हती.

इतिहासही हेच सांगतो. १८२७ मध्ये आपला नियम ग्रंथरूपाने मांडणारे गेओर्ग ओहम हे कोलोन येथील शाळाशिक्षक होते. वडील कुलपे बनविणारे कारागीर. त्यांनीच मुलाला गणिताची गोडी लावली. ओहम यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या लांबीच्या तारा मोजून नियम शोधला. मायदेशी प्रारंभी उपेक्षा झाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. कारागिराचा हात व गणिताची वही तेथे एकाच घरात नांदत होती.

आपल्याकडे त्यांची फारकत झाली. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखवून दिले. राबणाऱ्याला कारण विचारावयाचे नाही आणि शिकलेल्याने हात मळवावयाचे नाहीत, ही सवय त्याच विभागणीची. आम्ही शिक्षकही तिच्यातून सुटलो नव्हतो. शाळेत असताना मोडके रेडिओ उघडून बसणाऱ्या याच थोरल्याच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा लिहिला होता.

पालकांनो, घरातील वस्तू खोलणाऱ्या मुलाच्या हाती पक्कडीबरोबर वहीही द्या. आणि गुणवंताच्या हाती मल्टिमीटर. अभ्यासिकेतील तो दिवा आम्हांस रोज हीच आठवण देतो.