मोहेरचे टेडी अस्वल आणि हातच्या कामाचे मोल

ग्रामीण भागातील महिलांसाठी जी व्यवसाय-प्रशिक्षणे भरविली जातात, त्यांत कापडी खेळण्यांचे प्रशिक्षण हमखास आढळते. शिवणयंत्र बहुधा घरात असते, भांडवल थोडे लागते आणि काम घर सांभाळून करता येते, ही त्यामागची कारणे होत. प्रशिक्षण पार पडते, प्रमाणपत्रे वाटली जातात, पहिल्या प्रदर्शनात थोडीफार विक्रीही होते. परंतु पुढे वर्ष-दोन वर्षांत काम थंडावल्याचे अनेक ठिकाणी दिसते. कारण विचारले असता 'बाजारात स्वस्त माल येतो' असे उत्तर मिळते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. स्वस्त माल जगात सर्वत्र आला. तरीही हाताने शिवलेले मोहेरचे टेडी अस्वल युरोपात आजही तयार होते आणि यंत्रावरील अस्वलाच्या अनेक पट किमतीला विकले जाते. हे कसे घडले, याचा अभ्यास आपल्याकडील हस्तव्यवसायाला उपयुक्त ठरेल.

मोहेर म्हणजे काय?

मोहेर म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे केस. तुर्कस्तानातील अंकारा शहराचे जुने नाव अंगोरा. त्यावरून या शेळीला हे नाव पडले. अंगोरा सशाच्या लोकरीशी मोहेरची गल्लत होऊ नये. त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. ही शेळी वर्षातून साधारणतः दोनदा कातरली जाते. करडाचे केस अधिक तलम असतात आणि वयाबरोबर ते जाड होत जातात. मोहेरच्या तंतूचा पृष्ठभाग मेंढीच्या लोकरीपेक्षा गुळगुळीत असल्याने त्याला रेशमासारखी चकाकी असते आणि तो सहजासहजी गुंतून आळत नाही. एकोणिसाव्या शतकात या शेळ्या दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आल्या आणि आज तो देश मोहेरचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. आपल्या राज्याचाही या शेळीशी संबंध आला आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेने अंगोरा आणि संगमनेरी शेळी यांच्या संकरातून मोहेर मिळविण्याचे प्रयोग केले होते.

खेळण्यांसाठी मोहेर सुती पायावर मखमलीप्रमाणे विणले जाते. म्हणजे कापडाची पाठ सुती व घट्ट आणि दर्शनी बाजूस उभी, चकाकणारी लव. दाबले तरी ही लव पुन्हा उभी राहते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची काही अस्वले आजही ओळखू येण्याजोग्या स्थितीत टिकून आहेत.

एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचा उद्योग

या व्यवसायाचा इतिहास जर्मनीतील गिंगेन या लहानशा गावापासून सुरू होतो. मार्गारेट श्टाइफ यांचा जन्म तेथे १८४७ साली झाला. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. पाय निकामी झाले आणि उजवा हातही दुर्बल राहिला. तरीही त्या शिवण शिकल्या. शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताने फिरविता येत नसे, म्हणून यंत्र उलट बाजूने वळवून डाव्या हाताने त्यांनी ते चालविले. १८७७ साली त्यांनी नमद्याच्या कपड्यांचे दुकान काढले. १८८० साली टाचण्या खोचून ठेवण्यासाठी नमद्याचा एक छोटा हत्ती त्यांनी शिवला. मुलांनी तो खेळावयास घेतला आणि टाचण्यांच्या उशीचे खेळणे झाले.

पुढे त्यांचे पुतणे रिखार्ड श्टाइफ यांनी १९०२ साली हातपाय हलणारे मोहेरचे अस्वल तयार केले. १९०३ च्या लाइपझिग येथील जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने अशा ३,००० अस्वलांची मागणी नोंदविली, असे कंपनीचा इतिहास सांगतो. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९०२ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. या प्रसंगावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि रूझवेल्ट यांचे टोपणनाव खेळण्यातील अस्वलाला चिकटले. १९०७ या एका वर्षात गिंगेनच्या कारखान्याने ९ लाख ७४ हजार अस्वले तयार केली. त्या वेळी कारखान्यात सुमारे ४०० कामगार होते, तर आपापल्या घरी बसून काम करणारे सुमारे १,८०० होते. हा मोठा उद्योग घरगुती कामाच्या बळावर उभा राहिला, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

अस्वल कसे घडते?

प्रथम पुठ्ठ्याचे साचे तयार करतात. डोक्याच्या दोन बाजू आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी, धड, दोन हात, दोन पाय, कानांचे चार तुकडे आणि तळवे असे हे भाग असतात. प्रत्येक साच्यावर बाण काढलेला असतो. कापडाची लव ज्या दिशेने झुकते त्या दिशेला हा बाण यावा लागतो; अन्यथा एका हाताचे केस वर आणि दुसऱ्याचे खाली असे विचित्र रूप येते. साचे कापडाच्या पाठीवर आखतात. डाव्या बाजूचा तुकडा आखल्यावर साचा उलटा करून उजवा आखावयाचा, हे नवशिक्यांकडून हटकून विसरले जाते.

कापणी लहान, टोकदार कात्रीने करतात. कात्रीचे टोक केवळ सुती पाठ कापते. लव कापता कामा नये. लव कापली गेल्यास शिवणीवर टक्कल पडते आणि ते पुढे झाकता येत नाही. शिवताना कडेची लव सुईने आत ढकलून मग टीप घालतात. शिवण पूर्ण झाल्यावर उलटवून, शिवणीत अडकलेले केस सुईने एकेक करून बाहेर काढतात. असे केल्यावर जोड दिसेनासा होतो.

डोके, दोन हात आणि दोन पाय असे पाच सांधे असतात. प्रत्येक सांध्यात कठीण पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आणि त्यांतून जाणारी धातूची दुपाखी खीळ असते. खिळीची टोके पकडीने घट्ट वळवितात. सांधा सैल राहिला तर अस्वलाचे हातपाय लोंबकळतात. भरण म्हणून पूर्वी लाकडाचा लांब, बारीक कीस वापरीत. त्याने नाकाचा भाग टणक होतो व त्यावर भरतकाम नीट बसते. सावरीचा कापूस, मेंढीची लोकर आणि कृत्रिम तंतू हेही वापरले जातात. डोळे पूर्वी बुटाच्या बटणांचे असत, पुढे काचेचे आले. ते मजबूत दोऱ्याने डोक्याच्या आरपार ओढून मागे गाठ मारून बसवितात. शेवटी नाक आणि तोंड रेशमी चमकेच्या सुती दोऱ्याने भरतात. दोन टाक्यांच्या फरकाने चेहरा हसरा किंवा खिन्न होतो. एकाच साच्यातून निघालेली दोन अस्वले एकसारखी दिसत नाहीत ती याच कारणाने.

स्वस्त मालाशी सामना

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम तंतूंचे कापड आले आणि धुता येणारी, स्वस्त कापडी खेळणी बाजारात आली. पुढे पूर्व आशियातील कारखान्यांचा माल आला. इंग्लंडमधील कित्येक जुने कारखाने यात बंद पडले. परंतु श्रॉपशर परगण्यातील आयर्नब्रिज येथे १९३० साली सुरू झालेला मेरीथॉट हा कारखाना टिकला आणि तेथे आजही हाताने अस्वले तयार होतात.

टिकणाऱ्यांनी किमतीत स्पर्धा करण्याचे सोडून दिले, हे त्यांच्या यशाचे मर्म होय. त्यांनी आपला ग्राहक बदलला. १९७० नंतर, विशेषतः १९८० च्या दशकात, मोठ्या माणसांनी जुनी अस्वले जमविण्यास प्रारंभ केला. १९९४ साली लंडनच्या एका लिलावात श्टाइफचे एक जुने अस्वल १ लाख १० हजार पौंडांना विकले गेले. त्याच काळात एकट्याने घरी बसून वर्षाकाठी थोडीच अस्वले करणारे कारागीरही पुढे आले. उलट उदाहरणही बोलके आहे. श्टाइफ कंपनीने खर्च कमी करण्यासाठी काही उत्पादन चीनमध्ये नेले होते. दर्जा, वारंवार बदलणारे कामगार आणि लांबची वाहतूक या अडचणींमुळे ते परत आणण्याचा निर्णय कंपनीने २००८ साली जाहीर केला.

किंमत कशी ठरवावी?

आपल्याकडील गटांचे खरे नुकसान होते ते हिशेबात. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. एका अस्वलास ९०० रुपयांचे साहित्य लागले, १४ तास काम झाले आणि वाया गेलेले कापड, वीज व वाहतूक यांवर १५० रुपये खर्च झाले. प्रदर्शनात गिऱ्हाईक घासाघीस करते आणि वस्तू १,२०० रुपयांना जाते. वहीत '९०० चे १,२०० झाले, ३०० नफा' अशी नोंद होते. प्रत्यक्षात १५० रुपये इतर खर्चात गेले; उरलेले १५० रुपये १४ तासांची मजुरी होय. म्हणजे तासाला अकरा रुपयेही पडले नाहीत. शेतमजुरीहून कमी मोबदला देणारे काम कोणतीही शहाणी स्त्री फार काळ करणार नाही. काम थंडावते ते यामुळे. त्याला आळस किंवा अनास्था म्हणणे अन्यायाचे आहे.

हाच हिशेब तासाला ७५ रुपये मजुरी धरून केला, तर मजुरी १,०५० आणि एकूण खर्च २,१०० रुपये येतो. दुकानदाराला त्याचा वाटा द्यावयाचा असल्यास विक्रीची किंमत आणखी चढते. या किमतीला वस्तू विकली जात नसेल, तर मजुरी घटविण्याऐवजी कामाची पद्धत, नमुना किंवा बाजारपेठ बदलावी. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सदस्येने कामाचे तास लिहून ठेवावेत, एवढी एक सवय प्रशिक्षणात लावली तरी बरेच साधेल.

खूण, संख्या आणि सुरक्षितता

नकली मालापासून आपला माल वेगळा ओळखता यावा म्हणून श्टाइफ कंपनीने १९०४ पासून प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे बटण बसविण्यास आरंभ केला. पुढे विशिष्ट नमुने ठरावीक संख्येतच काढून त्यांवर क्रमांक घालण्याची प्रथा पडली. खूण दर्जाची हमी देते, क्रमांक दुर्मिळता सांगतो. जुने अस्वल दुरुस्त करून देण्याची सोय ग्राहकाला उत्पादकाशी जोडून ठेवते. या तिन्ही गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही, सातत्य लागते.

सुरक्षिततेचा विचारही आवश्यक आहे. काचेचे डोळे व धातूच्या खिळा असलेले अस्वल संग्राहकांसाठी असते. तान्ह्या मुलाच्या हाती ते देता कामा नये व तशी सूचना वस्तूवर असावी. लहान मुलांसाठी करावयाच्या खेळण्यात डोळे दोऱ्यानेच भरावेत. भारतात खेळण्यांविषयीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः तयार करून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. तेव्हा नोंदणीला केवळ कागदी उपचार समजू नये. काम सुरू करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रातून नियमांची माहिती घ्यावी.

आपण काय घ्यावे?

गावोगावी मोहेरची अस्वले शिवावीत, असे येथे सुचवावयाचे नाही. मोहेरचे कापड आपल्याकडे दूरदेशाहून मागवावे लागते आणि त्याचा ग्राहकही बहुतांशी दूरचाच. घ्यावयाचा आहे तो विचार. सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी, खणाचे कापड, गोधडीचे टाके, दख्खनी मेंढीची भरड लोकर ही आपली सामग्री आहे. तिच्यापासून अशी वस्तू घडवावी, की जिला यंत्राच्या मालाशी तोलण्याचा प्रश्नच येऊ नये.

ग्रामपंचायत सदस्यांनी गटाला प्रदर्शनात जागा मिळवून देण्याबरोबरच त्याच्या वहीत मजुरीचा रकाना आहे काय, हे पाहावे. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला मुलांना एक खेळणे करावयास लावून त्याची खरी किंमत काढावयास शिकवावे. अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून न मोजता, तीन वर्षांनंतर किती हात कामावर आहेत आणि त्यांना तासाला काय पडते, यावरून मोजावे. चाक उजव्या हाताने फिरेना म्हणून एका स्त्रीने यंत्रच वळवून घेतले. आपल्या योजनांनाही काम करणाऱ्या हाताच्या सोयीने वळावे लागेल.