उजेड तेवढाच, मग डोळ्यांत का खुपतो?

प्रश्न : हॉलमधली ट्यूब काढून छतात छोटे एलईडी स्पॉट बसवले. उजेड पूर्वीइतकाच आहे, पण सोफ्यावर बसलं की डोळ्यांना टोचतो. पत्नीला काहीच वाटत नाही. माझ्या डोळ्यांत दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. खोलीत एकूण उजेड किती आहे यापेक्षा तो केवढ्याशा जागेतून बाहेर पडतो, हे डोळ्याला जास्त जाणवतं. ट्यूबचा प्रकाश चार फुटांवर पसरलेला असतो. तुमच्या स्पॉटमध्ये तोच नखाएवढ्या चिपमधून येतो. चकाकीचा त्रास मोजण्यासाठी १९९५ पासून जगभर ‘यूजीआर’ हा निर्देशांक वापरतात. त्याच्या सूत्रात दिव्याच्या तेजस्वितेचा वर्ग येतो, आकार मात्र साधाच. म्हणून तेवढाच प्रकाश दुप्पट पृष्ठभागावर पसरवला, की त्रासातला त्या दिव्याचा वाटा निम्मा होतो. पार्श्वभूमी काळोखी असेल किंवा दिवा नजरेच्या रेषेजवळ असेल, तर त्रास वाढतो. पांढरट-निळसर प्रकाशही अनेकांना अधिक खुपतो.

माणसामाणसांत फरक मोठा असतो, त्यामुळे पत्नीचं म्हणणंही खरंच आहे. तुम्ही मात्र सहन करत बसू नका. चिप खोलवर बसवलेले किंवा दुधी झाकणाचे दिवे घ्या, सोफ्यासमोरचे स्पॉट भिंतीकडे वळवा. दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर मोतीबिंदूसाठी डोळे तपासून घ्या.